केसगळतीसाठी ऑनलाइन डॉक्टर: काय दाखवायचं, काय विचारायचं आणि कधी उठून दवाखान्यात जायचं

मागच्या दिवाळीत नरकचतुर्दशीला पहाटे आई माझ्या डोक्याला तेल लावत होती आणि मधेच थांबली. मला वाटलं हात दुखला असेल, वळून बघितलं तर तिच्या बोटांत माझ्या केसांचा गुंता, चांगला मूठभर, आणि ती काही न बोलता तो पेपरच्या तुकड्यात गुंडाळत होती. नंतर न्हायला बसले तर मोरीची जाळी तुंबली. त्या दिवशी मी आरशात भांग बघितला नाही, धीरच झाला नाही.

मग पुढचे दोन आठवडे सल्ले. कांद्याचा रस लाव, जास्वंद उकळून लाव, शाम्पू बदल, भांडुपचं पाणीच खराब आहे. (पाण्याचं आधीच सांगते, पालिकेचं पाणी भातसा, तानसा, वैतरणा अशा तलावांतून येतं आणि ते जड पाणी नाही. बोअर किंवा टँकरचं पाणी जड असू शकतं, त्याने केस राठ होतात, तुटतात, पण मुळापासून टक्कल पडायला पाणी पुरत नाही.) स्किनच्या डॉक्टरकडे जायचं तर दादरला, अपॉइंटमेंट मिळणार दुपारची, म्हणजे अर्धी रजा, आणि वेटिंगमध्ये दोन तास. म्हणून मी पण तेच केलं जे मुंबईत आज माझ्यासारख्या कितीतरी जणी करतात, रात्री अकराला बेडवर पडून मोबाईलवर शोधलं.

पहिल्या साइटवर आठ-दहा प्रश्न होते. वय काय, कोंडा आहे का, झोप किती, घरात कुणाला टक्कल आहे का. उत्तरं दिली आणि लगेच स्क्रीनवर आलं, तुमच्यासाठी खास किट, तीन महिन्यांचं, त्यात एक सीरम, एक शाम्पू, गोळ्या. कुठल्याही डॉक्टरचं नाव नाही. माझा फोटो कुणी मागितला नाही. मी पैसे भरायच्या बटणापर्यंत गेले होते, खरं सांगते, कारण घाबरलेल्या माणसाला काहीतरी हातात हवं असतं. सुदैवाने ऑफिसमधल्या मैत्रिणीने अडवलं, म्हणाली आधी खऱ्या त्वचारोगतज्ज्ञाशी व्हिडिओवर बोल, तिच्या ओळखीच्या एक डॉक्टरबाई आठवड्यातून दोन दिवस व्हिडिओवर पेशंट बघतात.

त्या बाईंनी कॅमेऱ्यात माझा चेहरा दिसल्या दिसल्या पहिला प्रश्न विचारला, "दिवाळीच्या आधी दोन-तीन महिने काही मोठं आजारपण झालं होतं का?" मी म्हटलं नाही हो, काही नाही. मागे आई भाजी निवडत होती, ती तिथूनच ओरडली, "अगं ऑगस्टमध्ये डेंग्यू झाला होता ना, विसरलीस का?"

मी खरंच विसरले होते, आणि उत्तर तिथेच होतं.

हे नीट समजून घ्या कारण सगळ्याचं मूळ इथे आहे. डोक्यावर साधारण १ लाख केस असतात आणि प्रत्येक केसाचं स्वतःचं वेळापत्रक असतं. आधी वाढीचा काळ, तो २ ते ६ वर्षं चालतो. मग दोन-तीन आठवड्यांचा बदलाचा काळ, मग साधारण ३ महिन्यांची विश्रांती, आणि मग तो केस पडतो आणि त्याच जागी नवा यायला लागतो. कुठल्याही दिवशी ८५-९० टक्के केस वाढत असतात, बाकीचे विश्रांतीत. सगळे वेगवेगळ्या वेळी निघतात म्हणून रोज ५० ते १०० केस गेले तरी आपल्याला कळत नाही. आता जोराचा ताप आला, डेंग्यू, टायफॉइड, कोविड, किंवा बाळंतपण झालं, ऑपरेशन झालं, किंवा कुणी दोन महिन्यांत दहा-बारा किलो वजन उतरवलं, तर शरीर म्हणतं आता केस वाढवण्यात ताकद घालवायची नाही, आणि वाढीतले भरपूर केस एकदम विश्रांतीला पाठवतं. ते लगेच पडत नाहीत. विश्रांती संपायला दोन-तीन महिने लागतात आणि मग ऑफिस सुटल्यावर सगळे एकाच लोकलला धावावेत तसे सगळे एकदम निघतात. तोपर्यंत आपण ताप विसरलेलो असतो आणि शाम्पूला दोष देतो. याला डॉक्टर टेलोजन एफ्लुव्हियम म्हणतात. मूळ कारण गेलं असेल तर बहुतेक वेळा गळती सहाएक महिन्यांत आपोआप थांबते, केस परत येतात.

डॉक्टरबाईंनी मला कॅमेऱ्यासमोर पन्नास-साठ केसांची बट बोटांत धरून मुळापासून टोकापर्यंत हलकी ओढायला लावली, तीन ठिकाणी. हातात आलेले केस पांढऱ्या कागदावर ठेवून मोबाईलजवळ धरायला सांगितले. प्रत्येकाच्या एका टोकाला बारीक पांढरा ठिपका होता. मी रडवेली झाले, म्हटलं बघा मूळच निघालं. त्या म्हणाल्या, तो ठिपका म्हणजे विश्रांती पूर्ण करून पडलेल्या केसाची गाठ, मूळ कातडीच्या आत शाबूत आहे. जर केस मधेच तुटलेले असते, ठिपका नसता, तर मी तुम्हाला स्ट्रेटनिंगबद्दल, घट्ट वेणीबद्दल विचारलं असतं. पंधरा मिनिटांचा कॉल, आणि गेल्या तीन आठवड्यांत पहिल्यांदा मला कुणीतरी समजावून सांगितलं. त्यांनी मला सीरम दिलंच नाही. हिमोग्लोबिन, फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, आणि थायरॉइडची टीएसएच एवढ्या तीन टेस्ट लिहून दिल्या. फेरिटिन कमी निघालं, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, बस.

ते किट घेतलं असतं तर? त्यातलं सीरम वेगळ्या आजाराचं होतं.

आणि हीच गोष्ट मला सगळ्यांना कळकळीने सांगायचीय. "केस गळतायत" हे तापासारखं आहे, ताप मलेरियाचा पण असतो आणि घशाचा पण, आणि मलेरियाची गोळी घशाला चालत नाही. ऑनलाइन डॉक्टर चांगला की वाईट हे पुढचं, आधी बघा की तिथे तुमच्या गळतीचं कारण कुणी शोधतंय का, की कारण न विचारता सगळ्यांना एकच बाटली पाठवतायत.

माझ्या धाकट्या भावाचं बघा. तो २६ वर्षांचा, त्याचे केस मोरीत फारसे दिसतच नाहीत, पण कपाळाच्या दोन्ही कडा मागे सरकल्यात आणि माथ्यावर भोवऱ्याजवळ विरळ झालंय. हे आनुवंशिक, पॅटर्नचं टक्कल. यात टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी नावाचं हार्मोन बनतं, आणि ज्यांच्या केसांची मुळं जन्मतःच त्याला हळवी असतात त्यांची मुळं प्रत्येक फेरीत बारीक होत जातात, जाड केसाच्या जागी पातळ, मग लव, मग काही नाही. बायकांमध्ये हेच भांग रुंद होत जातो तसं दिसतं, पुढची रेष बहुतेक जागेवर राहते, आणि सोबत पाळी अनियमित, चेहऱ्यावर केस, पिंपल्स असं असेल तर पीसीओएसची, म्हणजे अंडाशय आणि हार्मोनच्या बिघाडाची, चौकशी व्हायला हवी. हे आईकडून येतं की वडिलांकडून, तर दोघांकडूनही येऊ शकतं, फक्त मामाकडे बघून ठरवू नका. डेंग्यूनंतरची गळती आपली आपण थांबते, ही थांबत नाही, म्हणून इथे वाट बघण्यात केस जातात आणि औषध लवकर सुरू केलेलं बरं. बघा, एकाच घरात दोघांना "केस गळतायत" आणि सल्ला बरोब्बर उलटा.

याची दोन मुख्य औषधं आहेत आणि ऑनलाइन किटमध्ये फिरून फिरून हीच असतात.

एक मिनॉक्सिडिल. मुळात ही बीपीची गोळी होती, घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले म्हणून मग डोक्याला लावायचं औषध झालं, अमेरिकेत पुरुषांसाठी १९८८ मध्ये मान्यता मिळाली. कोरड्या डोक्याला, केसांना नाही तर कातडीला, रोज लावायचं. आता यात जे कुणी नीट सांगत नाही ते ऐका, पहिल्या दोन ते आठ आठवड्यांत केस उलट जास्त गळू शकतात, कारण विश्रांतीतले जुने केस ढकलून नवे यायला लागतात. नव्वद टक्के लोक इथेच घाबरून बाटली फेकतात असं मला माझ्या आजूबाजूला बघून वाटतं. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात, आणि बंद केलं की तीन-चार महिन्यांत जे मिळालं ते परत जातं. म्हणजे सुरू करताना हे वर्षानुवर्षांचं काम आहे हे माहीत असायला हवं, खर्च पण तसाच धरायचा. गरोदर असाल, बाळाला पाजत असाल, हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरला सांगायचं. हल्ली काही डॉक्टर कमी डोसमध्ये मिनॉक्सिडिलची गोळी पण देतात, ती शेवटी बीपीवर चालणारी गोळी आहे, तुमचं बीपी न विचारता कुणी ती पाठवत असेल तर घेऊ नका. आणि घरात मांजर असेल तर हे औषध मांजरीला विषारी आहे, उशीवर, हातावर राहू देऊ नका.

दुसरं फिनास्टेराइड, गोळी, डीएचटी बनणं कमी करते. केसांसाठी १ मिलिग्रॅमची गोळी अमेरिकेत १९९७ मध्ये मान्य झाली, पुरुषांसाठी. बऱ्याच जणांना चांगला उपयोग होतो. पण थोड्या जणांना कामेच्छा कमी होणं, ताठरतेचा त्रास, मन उदास होणं असं होतं, काहींच्या बाबतीत गोळी बंद केल्यावरही त्रास चालू राहिल्याच्या तक्रारी आहेत. आधीपासून डिप्रेशन असेल तर हे लपवू नका, लाज वाटली तरी सांगा, व्हिडिओवर तेवढं एक सोपं आहे की शेजारी वेटिंगमध्ये कुणी ऐकत नसतं. गरोदर बाईने फुटलेल्या गोळीला हात लावायचा नाही कारण पोटातल्या मुलग्याच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. गोळी चालू असताना रक्तदान करायचं नाही. वडीलधारे घेत असतील तर प्रोस्टेटच्या पीएसए टेस्टचा आकडा जवळपास निम्मा दिसतो, म्हणून टेस्ट सांगणाऱ्या डॉक्टरला माहीत हवं. आणि आता सीरममध्येच फिनास्टेराइड मिसळून विकतात, लोकांना वाटतं लावायचंच तर आहे, पण ते कातडीतून रक्तात जाऊ शकतं, अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, एप्रिल २०२५ मध्ये अशा मिश्रणांबद्दल सावधानतेचा इशारा दिलाय. म्हणून बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा, नाही समजलं तर फोटो काढून डॉक्टरला पाठवा.

भावाला मी बसवून हे सगळं वाचून दाखवलं. तो म्हणाला ताई, साइटवर एक ओळ पण नव्हती यातली.

आता खरा डॉक्टर कसा ओळखायचा. आपल्याकडे २५ मार्च २०२० ला टेलिमेडिसिनचे नियम आले, त्यामुळे ऑनलाइन तपासणं कायदेशीर आहे, त्यात लपवाछपवीचं काही नाही. त्या नियमांप्रमाणे समोर नोंदणीकृत डॉक्टरच हवा, त्याने स्वतःची ओळख सांगायची, आणि प्रिस्क्रिप्शनवर त्याचा नोंदणी क्रमांक हवा. तो क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर तपासता येतो, दोन मिनिटांचं काम आहे, नाव आणि डिग्री जुळते का बघा, त्वचेसाठी एमडी, डीएनबी किंवा डीव्हीडी अशी पदवी असते. नुसतं हेअर कोच, हेअर एक्स्पर्ट असं लिहिलं असेल तर तो डॉक्टर नव्हे. दुसरं, त्याच नियमांत स्पष्ट आहे की एआयवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरने पेशंटला सल्ला द्यायचा नाही आणि औषध लिहायचं नाही, ते डॉक्टरला मदत करू शकतं, पण शेवटी डॉक्टरनेच बोलायचं आणि लिहायचं. म्हणजे प्रश्नावली संपली की किट, हे डॉक्टरकडे जाणं झालंच नाही. काही औषधं तर पहिल्या भेटीत व्हिडिओवर बघितल्याशिवाय लिहिताच येत नाहीत. आणि डॉक्टरला कधीही वाटलं की हे स्क्रीनवर जमणार नाही तर तो प्रत्यक्ष या म्हणू शकतो, असं म्हणणाऱ्या डॉक्टरवर चिडू नका, माझा तर अशा डॉक्टरवर जास्त विश्वास बसतो.

जाहिरातींचं पण एक सांगते. आपल्या औषध नियमांमध्ये शेड्यूल जे नावाची यादी आहे, ज्या आजारांसाठी औषध बरं करतं असा दावा करता येत नाही त्यांची. त्या यादीत टक्कल आहे. शंभर टक्के केस परत अशी जाहिरात दिसली की हे आठवा.

ऑनलाइन जायचं ठरलं की अर्धं काम तुमचंच आहे, कारण डॉक्टरला तेवढंच दिसणार जेवढं तुम्ही दाखवाल. डोकं आदल्या दिवशी धुवून कोरडं, तेल नाही, जेल नाही. दिवसा खिडकीसमोर, फ्लॅश बंद, फिल्टर बंद, सेल्फी नको, दुसऱ्या कुणाला तरी मागच्या कॅमेऱ्याने काढायला सांगा. समोरून कपाळाची रेष केस मागे धरून, दोन्ही कानशिलं, वरून भांग, भोवरा, मागची बाजू. भुवया पण, हो, भुवया जात असतील तर ती महत्त्वाची खूण असते. कागदावर लिहून ठेवा, गळती कधी सुरू झाली, त्याआधीच्या सहा महिन्यांत ताप, ऑपरेशन, बाळंतपण, डाएट, कुणाचं जाणं, मोठा ताण. चालू असलेली सगळी औषधं, पिंपल्सच्या गोळ्या, फिट्सच्या, थायरॉइडच्या, आयुर्वेदिक असतील तर ती पण. आणि बायोटिनची, म्हणजे केसांसाठी विकतात त्या व्हिटॅमिनची, गोळी घेत असाल तर रक्त द्यायच्या आधी सांगा, कारण तिने थायरॉइडसारख्या काही टेस्ट चुकीच्या येऊ शकतात. मग चुकीचा रिपोर्ट आणि चुकीचं औषध.

गोळ्यांवरून आठवलं, जानेवारी २०२५ मध्ये बुलढाण्यात शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस काही दिवसांतच गेले होते, बातम्या सगळ्यांनी बघितल्या असतील. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपासण्या केल्या आणि तिथल्या लोकांच्या रक्तात, केसांत आणि खाण्यातल्या गव्हात सेलेनियम नावाचं खनिज खूप जास्त असल्याचं सांगितलं. सेलेनियम शरीराला लागतं, पण थोडंसं, जास्त झालं की केस जातात. व्हिटॅमिन ए चं पण तसंच. म्हणून केसांच्या रंगीत गोळ्या दोन-तीन कंपन्यांच्या एकदम घेणं, काही नाही झालं तरी नुकसान तर नाही ना, असं म्हणत, हे बरोबर नाही. कमी आहे का हे आधी टेस्टमध्ये बघा, मग गोळी.

काही गोष्टी मात्र मोबाईलवर सोडवायच्याच नाहीत. आमच्या चाळीतल्या काकूंचा नातू, दुसरीतला, डोक्यावर गोल जागा, केस गेलेले. काकू म्हणाल्या चाई पडली, चाईला काहीतरी लावायचं विचार. मी काकूंना सोबत बसवून त्याच डॉक्टरबाईंना व्हिडिओ लावला. त्यांनी कॅमेरा जवळ न्यायला सांगितला, जागेवर पांढरे पापुद्रे होते आणि केस मुळाशी तुटून काळे ठिपके राहिलेले. त्या म्हणाल्या, चाईत कातडी गुळगुळीत असते, हे बुरशीचं म्हणजे गजकर्णासारखं दिसतंय, पण मी मोबाईलवर बघून औषध देणार नाही, उद्याच पालिकेच्या हॉस्पिटलच्या स्किन ओपीडीत न्या, तिथे खरवडून मायक्रोस्कोपखाली बघतील. तिथे केसपेपर काढून एका सकाळीत निदान झालं, बुरशीच होती. डोक्यातल्या बुरशीला नुसतं मलम पुरत नाही, पोटातून औषध लागतं, आणि काकू जर स्टेरॉइडचं मलम चोळत बसल्या असत्या तर ती पसरलीच असती. खरी चाई असती तरी ती शरीराच्या प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच केसांवर केलेला हल्ला असते, त्यात डॉक्टर जागेवर बारीक इंजेक्शनं देतात, ती काही कुरिअरने येत नाहीत.

तसंच डोक्याला आग होत असेल, दुखत असेल, पू असेल, किंवा टक्कल पडलेली जागा चकचकीत होऊन त्यात केसांची भोकंच दिसत नसतील तर एक दिवस पण थांबू नका, काही आजारांत मूळ जळून व्रण होतो आणि तिथे परत केस येत नाही, त्याला कातडीचा तुकडा काढून बायोप्सी लागते. केईएम, सायन, नायर, कूपर, जेजे, सगळीकडे त्वचेचा विभाग आहे, रांग असते पण बघणारे तज्ज्ञ असतात.

पैशाची अडचण असेल तर केंद्र सरकारची ई-संजीवनी आहे, मोफत, मोबाईलवर टोकन घेऊन डॉक्टरशी बोलता येतं. गळती नवीन असेल, कुठून सुरुवात करावी कळत नसेल, कुठल्या टेस्ट कराव्यात विचारायचं असेल तर तिथून सुरुवात करायला काहीच हरकत नाही.

माझे केस संक्रांतीपर्यंत गळत होते. मग कमी झाले. होळीच्या आसपास कपाळावर बारीक उभे केस दिसायला लागले, आई म्हणाली तान्ह्या बाळासारखे. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे वेणीत ते यायला अजून वेळ आहे. भावाने डॉक्टरबाईंशी बोलून, सगळं विचारून, फक्त मिनॉक्सिडिल सुरू केलंय, गोळीचं त्याने अजून ठरवलेलं नाही आणि त्यांनी घाई पण केली नाही. दर महिन्याच्या पाच तारखेला फोटो काढायचा ठरलाय, मीच काढते, किचनच्या खिडकीपाशी त्याला स्टुलावर बसवून, मान त्याच कोनात.